बॉनेटखालची भट्टी

मे महिन्यातला शनिवार, दुपारचे दोन आणि बोरघाट जाम. अशा वेळी शहाणा माणूस एसी वाढवतो, गाणी लावतो आणि गप्प बसतो. आम्ही एसी बंद करून हीटर लावला होता. होय, हीटर! फुल्ल!

कारण माझ्या मामेभावाच्या, म्हणजे आमच्या दादाच्या, लाल टू-डोअर टर्बो लाडकीचा टेंपरेचरचा काटा वर चालला होता. हीटर लावला की इंजिनाची थोडी उष्णता केबिनमध्ये येते आणि इंजिनाला तेवढाच दिलासा मिळतो, हे ज्ञान त्याने कुठूनतरी मिळवलं होतं. ज्ञान बरोबर आहे, हे इथे नमूद करते. पण माझा उकडलेला बटाटा झाला होता त्याचं काय?

‘दादा, वास कसला येतोय रे?’

‘अगं, पुढच्या ट्रकचा. क्लच जळतोय त्याचा.’

ट्रकचा नव्हता. कडेला घेऊन, हाताला फडकं गुंडाळून दादाने बॉनेट उघडलं, तेव्हा आतून जी झळ आली ती थेट तंदूरची. वायरिंगवरचं प्लास्टिक वितळून चिकट झालं होतं. दादाचा चेहरा बघवत नव्हता. सहा वर्षं आयटीत रात्री जागून, परदेशवाऱ्यांचे भत्ते साठवून त्याने ही सेकंडहँड गाडी घेतली होती. वहिनीचं मत पहिल्या दिवसापासून एकच होतं : दोन सीटच्या गाडीत संसार बसत नाही, विकून टाक.

सोमवारी आम्ही नाना पेठेतल्या एका मिस्त्रीकाकांकडे. काकांनी कम्प्युटर-बिम्प्युटर काही लावला नाही. टॉर्च मारला, टर्बोपासून जेमतेम दोन बोटांवरून जाणारा एक रबरी पाइप वाकवून दाखवला. त्यावर उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा पडल्या होत्या.

‘साहेब, हा पेट्रोलचा पाइप आहे.’

बस्स, एवढंच बोलले. पण मी शनिवारी त्या पाइपापासून तीन-चार फुटांवर बसून गाणी बदलत होते, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं आणि पोटात गोळा आला.

आता थोडं सायन्स, कंटाळू नका. पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते त्यातली ढोबळमानाने एक तृतीयांशच चाकांच्या कामी येते. एक तृतीयांश कूलंट घेऊन जातं आणि उरलेली एक्झॉस्टमधून बाहेर पडते. टर्बो इंजिनावर पूर्ण जोर दिला की एक्झॉस्टमधला वायू ८०० ते ९५० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. टर्बोचं लोखंड अंधारात लाल दिसतं, ते फोटोशॉप नसतं! एवढी तापलेली वस्तू आजूबाजूला रेडिएशनने उष्णता फेकते आणि ती तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. उलटंही खरं. पृष्ठभाग ६०० अंशांवरून ३०० वर आणला की फेकली जाणारी उष्णता निम्मी होत नाही, पाचव्या हिश्शापेक्षाही कमी होते. म्हणजे भांडण जिथे सुरू होतं तिथेच मिटवायचं.

आणि इंजिनाने हवा जर याच भट्टीतून ओढली तर ताकदही जाते. ३० अंशांच्या हवेऐवजी ६० अंशांची हवा आत गेली तर ती साधारण ९ टक्के विरळ असते. दादा ज्या पिकअपच्या बाता मारतो, तो इथे गळत होता.

पण मुळात कंपनीने याची सोय केलेली नसते का? असते. काकांनी टर्बोवरची बोल्टची तीन रिकामी भोकं दाखवली. तिथे एक पत्रा होता. हीटचा पत्रा. आधीच्या मालकाला त्याची खडखड आवडली नाही, म्हणून त्याने तो काढून फेकून दिला! एक नवा बोल्ट आणि वॉशर लावून जे थांबलं असतं, त्यासाठी अख्खा पत्रा गेला. आणि आमच्या हिरोने गाडी घेतल्यावर काय केलं? बॉनेटवर स्कूप बसवले, डबल टेपने चिकटवलेले, आतून बंद. हवा जायला जागाच नाही. मी हसले नाही. (खोटं. हसले.)

मग सुरू झाला सल्ल्यांचा पाऊस. ऑफिसातल्या एकाने सांगितलं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाक. म्हणजे गरमी कमी, धूर जास्त आणि कायदा मोडला तो वेगळाच. दुसऱ्याने सांगितलं, बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली वॉशर घाल, फट पडेल, गरम हवा निघून जाईल. हे दादाला फारच आवडलं, कारण दिसायला रेसिंग दिसतं. काकांनी हात झटकला. जाममध्ये उभं असताना थोडी हवा निघेल, ठीक. पण गाडी वेगात असताना काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, म्हणून तर केबिनची ताजी हवा तिथूनच घेतात. फट ठेवली तर हवा बाहेर जायच्याऐवजी आत घुसेल. खऱ्या जाळ्या बॉनेटच्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या मागे लागतात, तिथे दाब कमी असतो. त्यातून आपल्याकडचा पाऊस आत कोसळणार, म्हणजे खाली पन्हळ करा. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दल सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये कडक निकाल दिलाय. बॉनेट कापायचं रद्द.

तिसरा पर्याय, पाइपाला गुंडाळायची पट्टी. ग्लास फायबरची किंवा बसाल्टची, ओली करून घट्ट गुंडाळतात, पहिल्यांदा तापली की धूर सोडते, हातमोजे नसतील तर दोन दिवस खाजवत बसायचं. स्वस्त आणि काम चोख. उष्णता आत राहते, टर्बोला गरम वायू मिळतो, तोही खूश. मग काका नाखूश का? कारण ती उष्णता लोखंडातच कोंडते, साध्या स्टीलला तडे जातात आणि पावसात भिजलेली पट्टी पाइपाला आतल्या आत गंजवते. रेसच्या गाडीला चालतं, तिथे पाइप बदलतात. इथे हप्ते भरायचे असतात.

दादाने रात्री जागून एक नवीन शोध लावला. मॅक्लारेन एफ-वन! १९९२ ते १९९८ मध्ये बनलेल्या त्या सुपरकारच्या इंजिनबेला आतून सोन्याचा वर्ख लावलेला, सुमारे १६ ग्रॅम. सोनं उष्णतेचे किरण फार छान परतवतं. हे सगळं तो उत्साहाने सांगत असताना वहिनी फक्त म्हणाली, ‘मंगळसूत्राकडे बघूसुद्धा नकोस.’

शेवटी जे झालं ते फोटोत दिसत नाही. पेट्रोलचा पाइप नवा. वायरिंग नवी, दोन्हीवर उष्णतारोधक स्लीव्ह. टर्बोला जाड ब्लँकेट, पुढच्या पाइपाला सिरॅमिक कोटिंग. आणि तो पत्रा पुन्हा, कंपनीचा, पाइपापासून अंतर ठेवून बसवलेला, कारण मधली हवाच अर्धं काम करते, पत्रा चिकटवला तर तोही तापून बसतो. रेडिएटरचा एक पंखा बंद होता, काट्याचं दुखणं ते होतं, दोन तासांत निकाल.

काकांनी एक पथ्यही दिलं. घर जवळ आलं की शेवटचे दोन-तीन किलोमीटर हळू, लगेच किल्ली फिरवायची नाही. इंजिन बंद झालं की पंखा, पाणी, वारा सगळं थांबतं आणि बॉनेटखालचं तापमान पुढची काही मिनिटं उलट वाढतं. दादा आता सोसायटीच्या गेटपासूनच शहाण्या मुलासारखा चालवतो. वॉचमनला वाटतं, गाडी बिघडली.

नोव्हेंबरात त्याने पुन्हा तोच घाट घेतला. शेजारी या वेळी वहिनी, स्वतःहून, हातात स्वेटर विणायचं. (मला जागा नव्हती, दोनच सीट.) लोणावळ्यातून फोन आला. टेंपरेचरची गन पाइपावर धरून दादा ओरडत होता, ‘बावन्न! इंटेक बावन्न! मेमध्ये सत्तरच्या वर होतं!’

मागून वहिनीचा आवाज. ‘झालं का तुझं ताप बघून? चिक्की घ्यायचीय.’