यात्रेतला ऑर्केस्ट्रा आणि आपली मुलेबाळे



या अंकात लागण, खोडवा, खताच्या मात्रा यांविषयी काही लिहिणार नाही. शेती विभागाचा माणूस गाण्याबजावण्यावर लिहू लागला म्हणून काहींना हसू येईल. पण विषय आपल्या घरचाच आहे.

गेल्या यात्रेची गोष्ट. आमच्या गावात रात्री दहाला ऑर्केस्ट्रा होता. जेवण उरकून मी चपला घालतोय तोच आठवीतली मुलगी म्हणाली, "पप्पा, मी पण येऊ?" मी सवयीने म्हणालो, "ते पोरीबाळींचं काम नाही." त्यावर ती म्हणाली, "मग वर्गणी घरटी का घेतात?"

उत्तर सुचले नाही. तसाच गेलो. दुसऱ्या गाण्याला शिट्ट्या सुरू झाल्या, तिसऱ्याला नोटा उडाल्या. कडेला बसलेल्या दोन-चार म्हाताऱ्या पदर सावरून उठून गेल्या. स्टेजवर गाणारी मुलगी माझ्या मुलीपेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठी असेल. ढोलकीवाला जीव तोडून वाजवत होता, पण त्याच्या बोटांकडे कुणाचे लक्ष नव्हते. त्या रात्री मला पटले की दोष वाजवणाऱ्यांचा नाही. ती माणसे पोटासाठी रात्र जागवतात. दोष पुढे बसणाऱ्यांचा आहे, आणि त्यांत मीही होतो.

त्यानंतर कोजागिरी झाल्यावर आम्ही चौघे औंधला गेलो. खटाव तालुक्यातले हे गाव आपल्याला यमाईमुळे ठाऊक आहे. तिथे औंध संस्थानचे गवई अनंत मनोहर जोशी ऊर्फ अंतुबुवा यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० साली संगीत उत्सव सुरू केला. पुढे त्यांचे चिरंजीव, गायक आणि व्हायोलिनवादक गजाननबुवा जोशी यांनी १९८१ साली प्रतिष्ठान स्थापून त्याची घडी बसवली. आश्विन वद्य पंचमीला हा उत्सव भरतो. आपला हंगाम तोंडावर आलेला असतो, पण टोळ्या यायच्या असतात, म्हणजे एक दिवस काढता येतो.

आम्ही आधी डोंगरावर देवीचे दर्शन घेतले, मग संग्रहालय पाहिले आणि नंतर गाण्याला बसलो. तिकीट काढावे लागले नाही. बायका, मुले, म्हातारी माणसे सगळी एकाच बैठकीवर होती. खरे सांगायचे तर धाकटा अर्ध्या तासात माझ्या मांडीवर झोपला. मला स्वतःला राग ओळखता आला नाही. मुलगी मात्र गवयाच्या मागे तानपुरा छेडणाऱ्या बाईंकडे टक लावून बसली होती. बाहेर आल्यावर तिने विचारले, "त्या एकदाही थांबल्या नाहीत. हात दुखत नसेल का?" मोबाईलवर शेकडो गाणी ऐकणाऱ्या पोरीला पहिल्यांदाच कळले की सुरामागे कुणाचा तरी हात राबतो. मंडळी वाटेत एवढेच म्हणाल्या, "लग्नाला सोळा वर्षं झाली, रात्रीच्या कार्यक्रमाला आज पहिल्यांदा आले." हे वाक्य माझ्या अजून मनात आहे.

कुणी म्हणेल, शास्त्रीय गाणे आपल्यासाठी नव्हे, ते बड्यांचे. एके काळी ते राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यात होते, हे खरे. पण मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि ही विद्या सामान्य घरांपुढे आणली. त्याच मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. १९३७ साली ते गेले. उरुसात मोठमोठे कलावंत तिथे येऊन सेवा रुजू करतात आणि ऐकायला कुणालाही बसता येते.

मिरजेला गेलात तर सतारमेकरांची दुकाने मुलांना जरूर दाखवा. तानपुऱ्याचा भोपळा पंढरपूरकडच्या शेतकऱ्याच्या वेलावर पिकतो. तो वाळवून, कोरून, लाकडाचा दांडा जोडून वाद्य होते. या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. शेतातल्या मालाचे मोल हाताच्या कसबाने किती वाढते, हे ऊस पिकवणाऱ्याच्या पोराला लगेच समजेल.

मुलांना नेताना काही गोष्टी अनुभवाने सांगतो. आधी पोटभर खाऊ घाला. कडेला बसा, म्हणजे कंटाळली तर उठता येईल. तासभर बसली तरी पुष्कळ झाले. घरी येऊन परीक्षा घेऊ नका. कोणते वाद्य कुठे आहे एवढे दाखवा, बाकीचे ती आपले आपण शोधतात. रशियात प्रोकोफिएव्ह नावाच्या संगीतकाराने १९३६ साली मुलांसाठी एक गोष्टच ऑर्केस्ट्रावर रचली. तीत पक्षी म्हणजे बासरी, लांडगा म्हणजे शिंगाची जात असलेली वाद्ये, अशी ओळख ठेवली. मुलाला ऐकायचे काय ते आधी डोळ्यांना सापडावे लागते, हे त्याने ओळखले होते.

पण औंध-मिरज वर्षातून एकदा. यात्रा आपल्या दारात आहे. म्हणून माझे म्हणणे असे की ऑर्केस्ट्रा बंद करू नका, त्याची वेळ आणि बैठक बदला. रात्री दहाऐवजी सातला सुरू करून नऊला संपवा. पुढच्या रांगा बायका-मुलांना द्या. नोटा उडवणाऱ्याला पंचांनी हात धरून खाली बसवावे. गाण्याआधी वादकांची नावे आणि वाद्ये सांगायला लावा. घरचे माणूस शेजारी बसले की शिट्टी आपोआप थांबते.

वार्षिक सभेत पै-पैचा हिशेब विचारणारे आपण सभासद. बेणे निवडायला दहा मळे पायाखाली घालतो. तर आपल्या वर्गणीतून आपल्याच पोरांच्या कानावर काय पडते, हे यात्रेच्या बैठकीत विचारायला काय हरकत आहे? यंदा आमच्या गावी मी विचारणार आहे. मुलीला सोबत घेऊनच जाणार आहे.

आपला,
ऊसविकास अधिकारी