निळ्या अंड्याची हौस

अंडं म्हटलं की पांढरं, नाहीतर तपकिरी. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात मात्र मापुचे लोकांच्या अंगणात निळसर अंडी घालणाऱ्या कोंबड्या पूर्वापार आहेत. अरौकाना ही जात त्यांच्यापासूनच तयार झाली. फ्रान्समधली मारां कोंबडी गडद चॉकलेटी अंडं देते आणि या दोन्हींच्या संकरातून चक्क ऑलिव्हच्या रंगाची अंडी मिळतात. अशी रंगीबेरंगी टोपली परसात भरावी, असं कुणाही हौशी माणसाला वाटणारच.

हा रंग येतो कुठून? एक अंडं तयार व्हायला साधारण २५ तास लागतात. त्यातले वीसेक तास कवच चढण्यातच जातात. निळा रंग कवच घडत असतानाच आत मुरतो, म्हणून निळं अंडं फोडलं तर कवच आतूनही निळं! तपकिरी रंगाचा हात मात्र शेवटच्या काही तासांत वरून फिरतो. निळ्यावर तो फिरला की अंडं हिरवं दिसतं. फार पूर्वी एका विषाणूचा तुकडा कोंबडीच्या जनुकांत जाऊन बसला आणि त्यातून हा निळेपणा आला, असं २०१३ साली शास्त्रज्ञांना आढळलं. खाणाऱ्याला त्याचा काही अपाय नाही, आणि खास फायदाही नाही. अंड्याचा कस कोंबडीच्या खाण्यावर ठरतो, कवचाच्या रंगावर नाही. तेव्हा औषधी म्हणून निळ्या अंड्याला दुप्पट भाव सांगणाऱ्याला हसून निरोप द्यावा. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं मांस काळं असतं, पण अंडं फिकट बदामीच.

शोभेच्या जातींचे लाड वेगळे. सिल्कीची पिसं रेशमासारखी मऊ, पण त्यांवरून पाणी ओघळत नाही. पावसात ती चिंब भिजून गारठते. तिला उडताही येत नाही, म्हणून मुंगूस-मांजराच्या तावडीत ती आधी सापडते. ब्रह्मा हे नाव ब्रह्मपुत्रेवरून पडलं, तरी जात घडली ती अमेरिकेत, चीनहून नेलेल्या कोंबड्यांपासून. १८५२ साली व्हिक्टोरिया राणीला अशा नऊ कोंबड्या भेट गेल्या होत्या. या जातीच्या पायांवर पिसं असतात. कोकणातल्या चिखलात त्यांचं काय होईल, याचा विचार विकत घेण्याआधीच केलेला बरा.

रात्री खुराड्यात एकीला तीन-चार चौरस फूट जागा हवी. खाली कोरडा भुसा, खाण्यात शिंपल्यांचा चुरा आणि दाराला पक्की कडी. पिल्लं आणली तर त्यांतले निम्मे कोंबडे निघतात, आणि पहाटे चारची बांग शेजाऱ्यांना गोड वाटेलच असं नाही. त्या कोंबड्यांचं काय करायचं, हे घरातल्या मुलांनी त्यांना नावं ठेवण्याआधीच ठरवायला हवं.

रोगाच्या बाबतीत हौसेला सूट नाही. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, बघता बघता खुराडं रिकामं करते, आणि तिच्यावर लस हाच उपाय. पहिली मात्रा पहिल्याच आठवड्यात. पुढचं वेळापत्रक पशुवैद्याकडून लिहून घ्यावं. बाहेरून आणलेली कोंबडी महिनाभर वेगळी ठेवावी, मग ती दिसायला कितीही देखणी असो. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा मोठ्या फार्मबरोबरच आसपासच्या घरांमधल्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या. एकाएकी दोन-तीन कोंबड्या दगावल्या तर त्या परस्पर न पुरता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं.

सुरुवात चार-पाच तलंगांनी पुरे. सोबत एखादी सिल्की असावी. ती फार अंडी देणार नाही, पण वरचेवर खुडूक होते. मग तिला दुसरीची निळी अंडी रवणाला घातली, तरी २१ दिवस ती इमानानं बसते.