विश्लेषण : कर्करोग रोखणारी जनुकेच बिघडली तर?

पेशीतील डीएनएला रोज हजारो लहानमोठ्या इजा होतात. तरीही प्रत्येक इजेतून कर्करोग होत नाही, कारण दुरुस्ती अखंड सुरू असते.

दुरुस्ती कशी होते?
डीएनएला इजा झाल्याचा इशारा मिळताच ‘पी-५३’ हे प्रथिन पेशीचे विभाजन थांबवते. इजा दुरुस्तीपलीकडची असेल, तर पेशीला स्वतःला संपवायला लावते. डीएनएचे दोन्ही धागे तुटल्यास ‘बीआरसीए-१’ व ‘बीआरसीए-२’ या जनुकांपासून बनणारी प्रथिने शाबूत प्रतीबरहुकूम अचूक जोडणी घडवून आणतात.

बिघाड झाल्यास?
या जनुकांतील दोष आईकडून येतो, तसाच वडिलांकडूनही. अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. असा दोष असलेल्या ६० टक्क्यांहून अधिक महिलांना आयुष्यात कधीतरी स्तनाचा कर्करोग होतो. अंडाशयाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो.

उपचारांत उपयोग काय?
हाच दोष गाठीची दुखरी नस ठरतो. ‘ओलापरिब’सारखी औषधे दुरुस्तीचा पर्यायी मार्ग अडवतात आणि कर्कपेशी मरतात.

चाचणीत दोष आढळणे म्हणजे कर्करोग होणे नव्हे. वेळीच सावध होण्याची ती संधी आहे. म्हणूनच डॉक्टरांना कुटुंबाचा इतिहास सांगताना वडिलांकडची आत्या, आजीही विसरू नये.