ओराशात्सची सभा

बंड करण्याचा निश्चय होणें सोपें; पुढारी कोणास करावें, हा प्रश्न बिकट. सर्बियांतील शेतकऱ्यांवर हा प्रसंग सन १८०४ च्या फेब्रुवारींत ओराशात्स नांवाच्या खेड्यांत आला. राज्य तुर्की सुलतानाचें, प्रजा ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. तुर्की अमलांत ह्या प्रजेस ‘राया’ म्हणत. आपला ‘रयत’ शब्द त्याच अरबी मुळाचा.

मौज अशी कीं, जुलूम करणारे खुद्द सुलतानाशींच बेइमान झालेले होते. बेलग्रेडच्या जानिसारी शिपायांचे चार सरदार, ज्यांस ‘दाही’ म्हणत, त्यांनीं सन १८०१ मध्यें सुलतानाचा सुभेदार हाजी मुस्तफा पाशा ह्यास ठार करून प्रांत गिळंकृत केला. हा पाशा इतका दयाळू कीं, लोक त्याला ‘सर्बांची आई’ म्हणत! पुढें रयत उठेल ह्या धास्तीनें दाहींनीं १८०४ च्या आरंभीं गांवोगांवचे प्रमुख धरून त्यांचीं मस्तकें उडविलीं. उठाव टळावा म्हणून केलेल्या ह्या कत्तलीनेंच उठाव झाला.

सभेस जमलेल्यांत ‘हायदुक’ होते. हायदुक म्हणजे रानांत राहून वाटमारी करणारा. सरकारदप्तरीं चोर, लोकांच्या गाण्यांत वीर. सांगतात असें कीं, प्रथम स्तानोये ग्लावाश ह्या नामांकित हायदुकास पुढारीपण देऊं केलें. तो म्हणाला, मला ना घर ना दार. संसारी माणसें माझ्यामागून कशीं येतील? मग तेओदोसिये नांवाच्या गांवमुख्यास विचारलें. त्यानेंहि अंग काढून घेतलें. उरला काराजॉर्जे, म्हणजे काळा जॉर्ज. हा डुकरांचा व्यापारी, पूर्वीं ऑस्ट्रियाच्या पलटणींत लढलेला आणि कांहीं काळ हायदुकहि. अक्षरशत्रु. त्यानें स्पष्टच सांगितलें, माझा स्वभाव तापट, कोणी ऐकलें नाहीं तर जीव घेईन. लोक म्हणाले, सध्यां असाच पाहिजे!

हें उत्तर मला फार दिवस सलत आलें आहे. त्या घटकेला तें चुकलें असें म्हणवत नाहीं. त्याच वर्षीं दाही मारले गेले. तोंवर लढाई सुलतानाच्या नांवानें चालली होती. त्यानें स्वायत्तता नाकारली, तेव्हां त्याच्याशींच जुंपली. १८०६ त मिशारच्या रणांत तुर्की फौज मोडली, आणि १८०७ च्या आरंभापर्यंत बेलग्रेड किल्ल्यासह हातीं आलें. मास्तरकी केलेल्या मला मात्र मोल वाटतें तें निराळेंच. ह्या निरक्षराच्या अमलांत १८०८ मध्यें बेलग्रेडला ‘थोर पाठशाला’ उघडली, आणि दोसितेय ओब्रादोविच हा वृद्ध पंडित १८११ त शिक्षणमंत्री झाला. सर्बियन भाषेचा कोश करणारा व तिची लिपि सुधारणारा वुक काराजिच ह्याच शाळेंत शिकला.

परंतु शाळा निघाल्या म्हणून स्वभाव निवत नाहीं. सख्ख्या भावानें एका मुलीवर अत्याचार केला म्हणून काराजॉर्जेनें त्यास फांशीं दिलें. ह्यास न्याय म्हणावें कीं संताप, हें मला अजून ठरवितां आलेलें नाहीं.

१८१२ त, नेपोलियन चालून येत असतां, रशियानें तुर्कांशीं तह केला आणि सर्बांचा आधार तुटला. पुढच्या वर्षीं तुर्क परतले. काराजॉर्जे ऑस्ट्रियांत पळाला. १८१५ चा दुसरा उठाव मिलोश ओब्रेनोविचनें केला. हा तरवारीपेक्षां वाटाघाटींनीं अधिक मिळविणारा. १८१७ त काराजॉर्जे गुपचूप परत आला व धर्मसोयरा वुयित्सा ह्याच्या भरंवशावर राहिला. मिलोशच्या हुकुमानें ह्याच वुयित्साच्या माणसांकडून रादोवान्ये येथें झोपेंत त्याचा वध झाला, आणि मस्तक इस्तंबूलला सुलतानाकडे रवाना करण्यांत आलें.