काकूंचं इंग्रजी



न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात दर गुरुवारी संध्याकाळी इंग्रजी गप्पांचं मंडळ भरतं. अमेरिकेतल्या बऱ्याच वाचनालयांत असं काहीतरी असतं. पैसे पडत नाहीत, व्हिसा कुणी विचारत नाही. गोल मांडलेल्या खुर्च्या, कॉफी आणि माझ्यासारखे दोन-तीन स्वयंसेवक. व्याकरण शिकवायचं नाही, माणसाला बोलतं करायचं, एवढंच आमचं काम. येणाऱ्यांत कोरियन आजी असतात, तुर्की संशोधकाची बायको असते, एच-४ वर आलेल्या आपल्याकडच्या मुली असतात आणि दिवसभर दुसऱ्यांची घरं, ऑफिसं झाडून आलेल्या मध्य अमेरिकेतल्या बायका.

मंडळाच्या पत्रकावर 'सांस्कृतिक देवाणघेवाण' असं छापलेलं आहे. तीन वर्षं तिथे जाऊनही ती मी फारशी पाहिली नव्हती. विषयांचा कागद ठरलेला असतो: तुमचे सण, तुमचे पदार्थ, तुमच्याकडची लग्नं, हवामान. मीही त्यात तरबेज झालो. दिवाळीला चकल्या नेल्या, गणपतीला मोदकांचे फोटो दाखवले. 'इंडिया हॅज मेनी फेस्टिव्हल्स' हे वाक्य मी आता झोपेतही म्हणू शकेन. सगळे 'ब्यूटिफुल' म्हणतात, चकल्या संपतात, खुर्च्या उचलल्या जातात. प्रत्येकाने आपापल्या देशाचा स्टॉल मांडायचा, आणि स्टॉलवर घरातला केर कुणी मांडत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका मित्राची आई सहा महिन्यांसाठी आली होती. धुळे-नंदुरबारकडे प्राथमिक शाळेत नोकरी करून निवृत्त झालेल्या. घरात नातवाशिवाय बोलायला कुणी नाही, आणि नातू इंग्रजीत बोलणार. मी म्हटलं, काकूंना गुरुवारी घेऊन जातो. मुलगा म्हणाला, 'या वयात आईला काय करायचंय इंग्रजी?' (हे वाक्य आपल्या घरांत मी किती वेळा ऐकलंय! आई इथे येते ती नातवंडं सांभाळायला. तिचा एकटेपणा आपल्या हिशेबात नसतो.) काकू मात्र पिशवीत वही-पेन घालून तयार होत्या.

त्या गुरुवारी विषय होता 'माझी शाळा'. ग्वाटेमालाहून आलेली एक बाई बोलायला उभी राहिली. आम्ही सगळे तिला स्पॅनिश बोलणारी समजत होतो. ती म्हणाली, स्पॅनिश माझी नाही, शाळेची. घरची भाषा किचे. ही माया भाषांपैकी एक, दहा लाखांच्या आसपास लोक ती बोलतात. शाळेत तोंडातून किचे शब्द निघाला की मास्तर पट्टीने मारायचे. मग ती शाळेत बोलेनाशीच झाली आणि तिसरीत शाळा सुटली. हे सगळं दहा-बारा तुटक वाक्यांत. आमच्या प्रमुख बाई फार चांगल्या आहेत, पण त्यांनी हळुवारपणे भूतकाळाचं एक क्रियापद दुरुस्त केलं.

मग काकूंनी हात वर केला. 'आय टीचर. ट्वेंटी इयर्स. हिल एरिया. चिल्ड्रन स्पीक पावरी. आय नो मराठी ओन्ली. आय बीट.'

खोलीत शांतता. मी घाईघाईने इंग्रजीत सारवासारव केली: त्या काळी शिस्त जरा कडक असायची, असं त्यांना म्हणायचंय. काकू माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, 'मी शिस्त नाही म्हटलं. मारत होते म्हटलं. तिला नीट सांग.'

सांगितलं. ती बाई बराच वेळ काकूंकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, ती मुलं आता कुठे आहेत? काकू म्हणाल्या, 'सम गुजरात, शुगरकेन कटिंग. सम, आय डोण्ट नो.'

त्या दिवसापासून मी स्वतःवर चिडलेलो आहे. दोन बाया आपल्या मोडक्या इंग्रजीत खरं बोलत होत्या, आणि ज्याला इंग्रजी उत्तम येतं त्याने ते वापरलं झाकपाक करायला. परदेशात आपण फावल्या वेळात देशाचे जनसंपर्क अधिकारी होतो, हा मुद्दा आपल्या मंचावर जातीच्या संदर्भात अनेकदा निघाला आहे. भाषेच्या बाबतीत मी स्वतःला त्यातून वगळलं होतं, कारण भाषेच्या गोष्टीत आपण मराठी माणसं स्वतःला कायम सोसणाऱ्यांच्या रांगेत धरतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. पहिलीपासून हिंदीचे शासननिर्णय जून २०२५ मध्ये मागे घ्यावे लागले, तेव्हाही आपण खूश झालो. मीही झालो, आणि त्यात चूक काही नाही. पण हेही आकडे पाहा. २०११ च्या जनगणनेत भिली गटातल्या भाषा मातृभाषा म्हणून सांगणारे एक कोटीहून जास्त, गोंडी सांगणारे २९ लाखांहून जास्त. दोन्ही आठव्या परिशिष्टात नाहीत. मातृभाषा संस्कृत सांगणारे २४,८२१. संस्कृत परिशिष्टात पहिल्यापासून आहे. २००३ साली घटनादुरुस्तीने संथाळी आणि बोडो आत आल्या, भिली-गोंडी बाहेरच राहिल्या. त्याच २००३ साली ग्वाटेमालाने माया भाषांना राष्ट्रीय भाषा म्हणणारा कायदा केला. तिथेही कागद आणि वर्ग यांत अंतर आहेच. आपल्या घटनेत १९५६ पासून ३५०-अ हे कलम आहे, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असं सांगणारं. काकू नोकरीला लागल्या तेव्हा ते कलम होतंच. त्यांना कुणी दाखवलं नाही.

कुणी म्हणेल, मग इंग्रजी तरी कशाला शिकवता? सावित्रीबाईंनी इंग्रजी शिकण्याचा आग्रह कवितेतून धरला होता, आणि तो बरोबर होता. ज्यांना संस्कृतची दारं बंद होती त्यांना इंग्रजी हे दुसरं दार होतं. त्या किचे बाईलाही इंग्रजी हवंच आहे: पगार बुडवणाऱ्या मुकादमाशी भांडायला, मुलीच्या शिक्षिकेशी बोलायला. १ मार्च २०२५ च्या आदेशाने ट्रम्प यांनी इंग्रजीला अमेरिकेची अधिकृत भाषा केलं आणि कच्चं इंग्रजी असणाऱ्यांना सरकारी सेवा समजाव्यात म्हणून क्लिंटन यांनी २००० साली काढलेला आदेश रद्द केला. तेव्हापासून तिची निकड वाढली आहे. शिकवणं थांबवा असं मी म्हणत नाही. शिकवताना समोरच्याच्या तोंडी आपल्याला सोयीचा विषय देऊ नका, एवढंच म्हणतो.

प्रमुख बाईंशी बोललो. हवामान आणि सण कागदावर राहिलेत, पण महिन्यातून एक गुरुवार आता बिनविषयाचा असतो. त्या दिवशी क्रियापदं दुरुस्त करायची नाहीत, असंही ठरलंय. सगळेच असे गुरुवार रंगतात असं नाही. एकदा पाऊण तास पार्किंगच्या दंडावर गेला. पण दंड कसा लढवायचा हे चार जणांना कळलं, तेही चकलीपेक्षा बरं.

काकू ऑक्टोबरमध्ये परत गेल्या. शेवटच्या गुरुवारी त्या बाईने त्यांना 'धन्यवाद'चा किचे शब्द शिकवला, मालट्योश. काकूंनी तो वहीत देवनागरीत लिहून घेतला. परतताना गाडीत मी विचारलं, पावरी शब्द किती येतात तुम्हाला? त्यांनी बोटं मोजली. 'वीस वर्षांत? असतील दहा-बारा.' मग बराच वेळ त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

आमचं मंडळ गुरुवारी साडेसहाला असतं. तुमच्या गावच्या वाचनालयातही असेल, चौकशी करा. आई-बाबा आले असतील तर त्यांना घेऊन जा, आणि ते बोलत असताना मधे पडू नका.