दोन देशांची शिदोरी



शेत, गोठा, कारखाना, वाहतूक, चूल आणि उकिरडा यांतून अन्नापायी किती तापवर्धक वायू निघतात, याचा २०१५ सालचा हिशेब शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडला. अमेरिकेचे सुमारे १५० कोटी टन, भारताचे ११० कोटी. आकडे जवळचे भासतात. परंतु माणसे मोजली म्हणजे अंतर कळते. तेथे दरडोई साडेचार टन, येथे एक टनाहूनही कमी.

ज्याचा वाटा मोठा, त्याने आधी हात आखडावा, हाच न्याय होय. तथापि राजपुऱ्याच्या गृहस्थांनी निश्चिंत राहू नये. तापीकाठच्या केळीबागा करपविणारे ऊन दोषी-निर्दोषी पाहत नाही. म्हणून ताटात अन्न टाकू नये. केळीचे खुंट न जाळता त्यांचे खत करावे. आपला वाटा लहान असला, तरी तो आपलाच आहे.