रियाजाला जाच म्हणणाऱ्यांना

शिस्त म्हणजे आपणच आपल्या पायांत अडकवलेली बेडी, असे म्हणणाऱ्यांची हल्ली चलती आहे. मनाला येईल तेव्हा गावे. रोजचा रियाज लागला की प्रतिभा मेलीच म्हणून समजा! आणि साक्षीला हमखास कुमार गंधर्वांना उभे केले जाते: घराण्याची चौकट मोडली, म्हणूनच ते मोठे झाले.

हा साक्षीदार उलटतपासणीत फिरतो. नामवंतांच्या ध्वनिमुद्रिका लहानपणीच हुबेहूब उतरवणारे कुमार पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे वर्षानुवर्षे शिकले. १९४७ मध्ये क्षयाने गाठले आणि गाणे बंद पडले. देवासला अंथरुणात पडल्या पडल्या माळव्याची लोकगीते त्यांच्या कानावर पडत राहिली. उठले तेव्हा दमसास पूर्वीचा उरला नव्हता. मग छोट्या, नेमक्या स्वराकृतींची गायकी त्यांनी उभी केली आणि लोकधुनांतून नवे राग काढले. हे लहरीचे काम नव्हे. जे मोडायचे ते आधी गळ्यावर चढलेले असावे लागते.

तालमीच्या नावाखाली शिष्यांना घरगडी केले जाते, विद्या दडवली जाते, हा आक्षेप मात्र खरा आहे. पण ती गुरूची सत्ता झाली. तिचे पाप रियाजाच्या माथी का मारता? पहाटे पाचला उठा आणि यशस्वी व्हा, असे सांगत फिरणाऱ्यांचेही मला प्रेम नाही. उठून करायचे काय, हे ते सांगत नाहीत.

गवयाला ते ठाऊक असते. तानपुरा जुळवायचा, खर्ज लावायचा, मग तेच पलटे आधी विलंबित, मग दुगुनीत. ऐकणाऱ्याला कंटाळा येईल असे काम. पण मैफलीत तबलजीने ठेका धरला की याचा मोबदला मिळतो. गळा पळेल की नाही याची धास्ती नसते, मात्रा मोजाव्या लागत नाहीत. समेच्या अलीकडे सुचलेली जागा तिथल्या तिथे घेता येते. पलटे न घोटलेला गायक पाठ केलेल्या चार तानांचा कैदी. त्याला सुचते, पण गळा ऐकत नाही.

हे स्वातंत्र्य रंगमंचापुरतेच नसते. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर तिशीच्या आसपास, १९२१ च्या सुमारास अल्लादियाखाँसाहेबांच्या शागीर्द झाल्या. मैफली करणाऱ्या बाईने पुन्हा विद्यार्थिनी होऊन वर्षानुवर्षे ती कठोर तालीम पत्करली. देवदासींच्या परंपरेतून आलेल्या स्त्रीने कुणापुढे किती वाकायचे, हे तेव्हा इतरच ठरवत. केसरबाई मैफल आपल्या अटींवर करीत. रेडिओवर गायला त्या राजी नव्हत्या, ध्वनिमुद्रिकाही मोजक्याच दिल्या. आणि साठच्या दशकात, आवाज शाबूत असतानाच, त्यांनी जाहीर गाणे थांबवले. कधी थांबायचे, हेही त्यांनी कुणाला विचारले नाही.